हर्नडनचा कप्तान आणि आपली जलयात्रा

वाचकहो, मी राहतो त्या हर्नडन गावाला समुद्र नाही. व्हर्जिनिया राज्यातल्या या गावाच्या कडेला डलसचा मोठा विमानतळ आहे. दिवसभर डोक्यावरून विमाने जातात, पण बोटीचा भोंगा इथे कधीच ऐकू येत नाही. तरीही या गावाला नाव मिळाले आहे ते एका प्रवासी बोटीच्या कप्तानाचे. आपल्या बेटावरच्या मंडळींना हे वाचून नवल वाटेल, म्हणून त्या कथेपासूनच सुरुवात करतो.

सप्टेंबर १८५७ मधली गोष्ट. 'सेंट्रल अमेरिका' नावाची, दोन बाजूंच्या चाकांवर चालणारी आगबोट कॅलिफोर्नियाचे सोने आणि तिकडून परतणारी माणसे घेऊन पनामाहून हवानामार्गे न्यूयॉर्ककडे निघाली होती. कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून दूर ती वादळात सापडली. बोटीत पाणी शिरले, बॉयलर विझले. प्रवाशांनी रांगा लावून बादल्यांनी पाणी उपसले, तरी ते हटेना. इतक्यात एक शिडाचे जहाज मदतीला आले. तेव्हा कप्तान विल्यम लुईस हर्नडन यांनी बायकामुलांना आधी होड्यांत बसवून तिकडे पाठवले. होड्या थोड्या आणि माणसे फार. १२ सप्टेंबरच्या संध्याकाळी बोट बुडाली. सुमारे सव्वाचारशे माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर कप्तानही गेले. त्यांनी बोट सोडली नाही. पुढच्याच वर्षी इथे टपाल कार्यालय निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांचे नाव घेतले.

ही कथा आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचे एक कुटुंब क्रूझला निघाले होते. मुलगा कोल्हापूरचा, इथे संगणकाच्या नोकरीवर. आईवडील पहिल्यांदाच अमेरिकेत आलेले. त्यांनी पन्हाळा पाहिलेला, पण बोटीत झोपण्याचा योग कधी आलेला नव्हता. इथून साठेक मैलांवर बाल्टिमोर बंदर आहे. तिथून बहामाला जाऊन परत येणाऱ्या बोटी सुटतात. विमानाची दगदग नाही, सामान एकदाच उचलायचे, जेवणखाण तिकिटातच. म्हाताऱ्या माणसांना यापेक्षा सोयीची सहल कोणती, असा मुलाचा विचार. विचार चांगलाच होता.

बंदरावर मोठ्या बॅगा हमालांनी घेतल्या आणि मंडळी कागद दाखवायच्या खिडकीपाशी गेली. तिथे मुलालाच अडवले. त्याची नोकरीची परवानगी पुढच्या दोन वर्षांपर्यंत वाढलेली होती आणि तसा सरकारी कागद त्याच्या हातात होता. पण पासपोर्टावर चिकटवलेल्या व्हिसाची मुदत सरलेली होती. देशात राहायला तो कागद पुरतो, देशाबाहेर जाऊन परत यायला पुरत नाही. मुलगा गेला नाही तर आईवडील जाईनात, सून जाईना. सगळेच परत फिरले. पण बॅगा तोवर बोटीत पोचल्या होत्या आणि वडिलांचे इन्सुलिन त्यातल्याच एका बॅगेत होते. बॅग खाली यायला तीन तास लागले. इन्सुलिन घेतल्याशिवाय जेवायचे नाही म्हणून तो सत्तरीचा गृहस्थ तेवढा वेळ धक्क्यावरच्या बाकावर उपाशी बसून राहिला. तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत. मुलगा मला म्हणाला, "काका, पैशाचं सोडा. बाबांना वाटलं, आपल्यामुळेच काहीतरी चुकलं." मला तरी ते वाक्य पैशांपेक्षा जड वाटले.

या प्रसंगावरून मला एकच गोष्ट सांगायची आहे. क्रूझची जाहिरात म्हणते, तुम्ही फक्त या, बाकी आमच्याकडे सोपवा. जेवण, नाचगाणे, झाडलोट यांच्यापुरते ते खरे असते. परंतु कागद, औषध आणि वेळ या तीन गोष्टी बोटीवाले आपल्या अंगावर घेत नाहीत. त्या प्रवाशाच्या गळ्यात असतात आणि तिकिटाच्या बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. म्हणून जो मुलगा किंवा मुलगी आईवडिलांसाठी तिकीट काढते, तिने त्यांच्या प्रवासाचे कप्तानपणही पत्करले पाहिजे. नुसते तिकीट हातात ठेवणे म्हणजे अर्धीच भेट.

आधी कागदांचे पाहू. आपल्या मनात असे असते की ज्या बंदरातून निघालो त्याच बंदरात परत आलो तर आपण देश सोडलाच नाही. कायद्याला हे मान्य नाही. बाल्टिमोरहून बहामाला जाऊन आलात की तुम्ही अमेरिकेबाहेर जाऊन परत आलात. मुदत सरलेल्या व्हिसावर कॅनडात किंवा मेक्सिकोत थोड्या दिवसांसाठी जाऊन येण्याची एक सवलत आहे. पण बहामासारख्या जवळच्या बेटांसाठी ती विद्यार्थ्यांच्या आणि देवाणघेवाणीच्या व्हिसावाल्यांपुरतीच आहे. नोकरीच्या व्हिसावाल्याला ती तिथे लागू नाही. आमच्या शेजाऱ्याचा घोटाळा नेमका इथे झाला. त्याचा एक मित्र मोटारीने कॅनडाला जाऊन आला होता, त्यावरून याने बहामाचे गणित बांधले.

पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे की अनेक प्रवेशांचा, हेही आधी पाहावे. शिवाय बोटीने आठ दिवस बाहेर जाऊन आले म्हणजे इथे राहण्याचे नवे सहा महिने मिळतील, अशी समजूत करून घेऊ नये. जवळच्या बेटावरून लवकर परतणाऱ्याला बहुधा आधीच्या मुदतीतले उरलेले दिवसच मिळतात.

दुसरी गफलत शेजारधर्मातून होते. अमेरिकन नागरिक जर एकाच बंदरातून निघून त्याच बंदरात परतणार असेल, तर जन्मदाखला आणि सरकारी ओळखपत्र यांवर त्याला बोटीने परत येता येते. कचेरीतला गोरा मित्र हे सांगतो, आणि आपला माणूस ऐकतो की क्रूझला पासपोर्ट लागत नाही. ही सवलत त्याच्या नागरिकत्वाची आहे, बोटीची नव्हे. आणि त्या मित्रालाही माझे सांगणे आहे की पासपोर्ट घेऊनच जा. वाटेत आजारी पडून परक्या बेटावर उतरावे लागले किंवा बोट चुकली, तर विमानाने घरी यायला जन्मदाखला पुरणार नाही.

तिसरी अडचण अलास्काच्या सहलीची. सिॲटलहून निघून अलास्काचे बर्फ पाहून सिॲटललाच परत यायचे, सगळी बंदरे अमेरिकेतली असे वाटते. पण अमेरिकेचा १८८६ चा एक जुना कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीने अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी वाहू नयेत, असा त्याचा आशय. मोठ्या क्रूझ-बोटी बहुतेक बहामा, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली चालतात, म्हणून त्यांना वाटेत परदेशी बंदर घ्यावेच लागते. बहुधा ते कॅनडातले व्हिक्टोरिया असते. संध्याकाळी काही तास थांबतात, पण तेवढ्यासाठी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो. २०२१ मध्ये साथीमुळे कॅनडाने आपली बंदरे क्रूझना बंद केली होती, तेव्हा अलास्काचा धंदा वाचवण्यासाठी अमेरिकन काँग्रेसला या नियमातून तात्पुरती सूट देणारा कायदा करावा लागला. जो नियम मोडायला कायदेमंडळ बसवावे लागते, तो धक्क्यावरच्या खिडकीत हात जोडून कसा वाकेल?

मॉरिशसच्या वाचकांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकाच कुटुंबात आज तीन-तीन देशांचे पासपोर्ट असतात. वाक्वाची आजी मॉरिशसची, मुलगा फ्रान्सचा, सून भारताची, नातवंडे अमेरिकेची. एकाच टेबलावर जेवणाऱ्या या माणसांना एकाच बंदरात निरनिराळे नियम लागतात. तेव्हा बोटीच्या मार्गातले प्रत्येक बंदर एका बाजूला आणि घरातला प्रत्येक पासपोर्ट दुसऱ्या बाजूला लिहून तक्ता करावा. उत्तर त्या त्या देशाच्या सरकारी कचेरीकडून घ्यावे, ओळखीच्या माणसाकडून नव्हे. आणि हे तिकीट काढण्यापूर्वी करावे.

आता माझी तक्रार सांगतो. हा सगळा भार प्रवाशावरच का? तिकीट विकणाऱ्याला मार्ग ठाऊक असतो, बंदरे ठाऊक असतात आणि प्रवाशाचे राष्ट्रीयत्वही तो कधी ना कधी विचारतोच. मग पैसे घेण्याआधी त्याने ते का विचारू नये? युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमाप्रमाणे सहलीचे पॅकेज विकणाऱ्याने करार होण्याआधीच पासपोर्ट आणि व्हिसाची सर्वसाधारण माहिती द्यायची असते. ही साधी शिस्त सगळीकडे असायला हवी. धक्क्यावर माणूस अडवायची यंत्रणा जर इतकी चोख आहे, तर दुकानात त्याला सावध करण्याची का नाही? आमच्या शेजाऱ्याची चूक होतीच, पण ती पैसे भरतानाच्या पाच मिनिटांत उघडी पडली असती.

दुसरी गोष्ट औषधाची. आपल्या बेटावर सरकारी दवाखान्यात उपचार फुकट होतात. त्या सवयीचा माणूस बोटीवर डॉक्टर आहे असे वाचून निर्धास्त होतो. बोटीवर डॉक्टर असतो, नर्स असते, छोटा दवाखाना असतो. पण प्रत्येक तपासणीचे बिल खोलीच्या खात्यावर चढते. अमेरिकेतल्या ज्येष्ठांना सरकारी मेडिकेअर असते, पण बोट अमेरिकन बंदरात असेल किंवा बंदरापासून सहा तासांच्या आत असेल तरच ती बोटीवरच्या डॉक्टरचे पैसे देऊ शकते. पाहुण्या आईवडिलांना तर मेडिकेअर नसतेच. त्यांच्यासाठी घेतलेल्या विम्यात तीन प्रश्न विचारावेत. अमेरिकेबाहेरच्या पाण्यात हा विमा चालतो का? रक्तदाब, मधुमेह असे आधीपासूनचे दुखणे बळावले तर पैसे मिळतात का? आणि बोटीवरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च यात आहे का? हेलिकॉप्टर किंवा खास विमान मागवावे लागले, तर तो खर्च हजारो डॉलरांत जातो आणि एखाद्या घराची अनेक वर्षांची बचत एका रात्रीत संपते.

बोटीवरच्या उपचारात हयगय झाली तर काय, हाही प्रश्न आहे. २०११ मध्ये बर्म्यूडाच्या बंदरात एक वृद्ध प्रवासी पडला आणि त्याच्या डोक्याला मार बसला. बोटीवरच्या दवाखान्यात त्याची वेळेवर नीट तपासणी झाली नाही, असा त्याच्या मुलीचा आरोप होता. आठवडाभराने तो वारला. तोपर्यंत अमेरिकेतली अनेक न्यायालये असे मानत की बोटीवरच्या डॉक्टरच्या चुकीला कंपनी जबाबदार नाही. २०१४ मध्ये तिथल्या एका वरिष्ठ न्यायालयाने ते जुने मत सोडले आणि कंपनीवर दावा चालू शकतो असे ठरवले. एका मुलीच्या चिकाटीने एवढे झाले. पण न्याय उशिरा येतो आणि बाप परत येत नाही, म्हणून आधीची काळजी महत्त्वाची.

ती काळजी साधी आहे. औषधे, चष्मा, कवळी, कानाचे यंत्र आणि पासपोर्ट हे सगळे हातातल्या पिशवीत. मोठी बॅग धक्क्यावर एकदा दिली की खोलीपर्यंत पोचायला संध्याकाळ होते. औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा आठ दिवस जास्त घ्यावीत, कारण वादळ किंवा बंदरबंदी कोणी सांगून येत नाही. बाल्टिमोरचेच पाहा. २६ मार्च २०२४ च्या पहाटे एका मालवाहू जहाजाची धडक बसून तिथला फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळला, पुलावर काम करणारे सहा मजूर गेले आणि बंदराचा मार्ग अडला. बाहेर गेलेल्या क्रूझ-बोटींना परतताना नॉरफोकला लागावे लागले आणि प्रवाशांना तिथून बसने बाल्टिमोरला आणले गेले. औषधांची यादी मूळ नावांसह लिहून खिशात ठेवावी, कारण आपल्याकडच्या गोळीचे दुकानी नाव दुसऱ्या देशात कोणाला कळत नाही. ज्यांना चाकाची खुर्ची लागते त्यांनी बोट प्रत्येक ठिकाणी धक्क्याला लागते का, हे विचारून घ्यावे. काही बेटांवर बोट खोल पाण्यात थांबते आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. त्या होडीत खुर्ची बहुधा नेता येत नाही. मग म्हातारी दिवसभर कठड्याशी बसून दुसऱ्यांची मजा पाहते.

तिसरी गोष्ट वेळेची. २७ मार्च २०२४ रोजी आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ तोमे बेटावर 'नॉर्वेजियन डॉन' या बोटीचे आठ प्रवासी मागे राहिले. त्यांनी बोटीची नव्हे, खासगी सहल घेतली होती आणि परतायला उशीर झाला. किनाऱ्यावरून बोट अजून दिसत होती. तटरक्षकांच्या होडीने त्यांना तिथवर नेले, तरी आत घेतले गेले नाही. त्यांच्यात एक गरोदर बाई होती, एक हृदयरोगी होता. अनेक देश ओलांडून त्यांना सेनेगलच्या डकार बंदरात पुन्हा बोट गाठावी लागली. कंपनीचे म्हणणे असे की वेळेवर परतणे ही प्रवाशाची जबाबदारी, आणि नियम पाहता ते खरेच आहे. यातून शिकायचे ते हे. पासपोर्टाची प्रत, दोन दिवसांची औषधे, थोडे पैसे आणि बंदरावरच्या एजंटाचा फोन नंबर बरोबर असल्याशिवाय किनाऱ्यावर उतरू नये. घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवावे, बेटाच्या नव्हे. दोहोंत कधी कधी एका तासाचा फरक असतो. म्हाताऱ्यांबरोबर असताना खासगी टॅक्सीत थोडे पैसे वाचवण्यापेक्षा बोटीचीच सहल बरी. तिला उशीर झाला तर बोट थांबते.

याच बोटीने त्याच्या महिनाभर आधी आपल्या बेटाची झोप उडवली होती, हे वाचकांना आठवत असेल. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती पोर्ट लुईसला आली, पण पोटाच्या विकाराचे रोगी असल्यामुळे आणि पटकीची शंका आल्यामुळे तिला बंदरात घेतले गेले नाही. सुमारे बावीसशे प्रवासी आणि हजारावर कर्मचारी बाहेर थांबले. तपासणीत पटकी नाही असे ठरले आणि २७ तारखेला परवानगी मिळाली. तेव्हा काही परदेशी प्रवासी चिडले. त्यांचा त्रास मी समजू शकतो. पण आपल्या बेटाला या बाबतीत दोष देणे मला जमत नाही. १८५६ मध्ये कलकत्त्याहून मजूर घेऊन आलेल्या दोन जहाजांना पटकीच्या भीतीने आपल्या उत्तरेकडच्या गॅब्रिएल बेटावर ठेवले होते. अन्नपाणी आणि औषधांच्या हलाखीत पावणेतीनशेहून अधिक माणसे तिथे मेली आणि भारत सरकारने मजूर पाठवणे काही काळ बंद केले. बोट अडवणे हा गुन्हा नव्हता, अडवलेल्या माणसांना विसरणे हा गुन्हा होता. २०२४ मध्ये बोटीवर जाऊन नमुने घेतले, दोन दिवसांत उत्तर दिले. तीच रीत योग्य.

प्रवाशाने यात काय करावे? बोटीवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस फार झपाट्याने पसरतो. हाताला लावायचे जंतुनाशक त्याच्यापुढे कमी पडते. साबण आणि पाणीच खरे. जेवणापूर्वी हातपाय धुण्याची आपल्या आज्यांची शिस्त इथे कामी येते. आणि पोट बिघडले तर सहल बुडेल म्हणून लपवू नये. तुमच्या लपवण्याने शेजारच्या खोलीतली म्हातारी आजारी पडते.

चौथी गोष्ट संकटकाळच्या कवायतीची. बोटीवर चढल्यावर पहिल्याच दिवशी, संकट आले तर कुठे जमायचे आणि जाकीट कसे घालायचे हे दाखवतात. आपली मंडळी त्या वेळी चहा-नाश्त्याच्या मागे असतात. कोकणातल्या माणसाने तरी असे करू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेतच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. किनारा फार लांब नव्हता. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून झालेली नव्हती. बत्तीस माणसे मेली. कप्तान प्रवाशांच्या आधी बोट सोडून गेला आणि त्याला सोळा वर्षांची शिक्षा झाली. त्याच बोटीवर मुंबईकडचा एक तरुण वेटर प्रवाशांना मदत करीत राहिला. त्याचा देह सर्वांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरात सापडला. त्या अपघातानंतर नियम बदलला आणि कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी व्हावी असे ठरले. बत्तीस जीव देऊन मिळालेल्या त्या अर्ध्या तासाला कंटाळू नये.

शेवटी तिकिटाचा करार. तक्रार झाली तर सहा महिन्यांत लेखी कळवावे, वर्षाच्या आत दावा लावावा आणि तोही कंपनीने नेमलेल्या शहरातच, अशी कलमे त्यात असतात. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात असे प्रकरण गेले होते. बोटीत घसरून पडलेली बाई देशाच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्यात राहत होती आणि करारात फ्लॉरिडाचे न्यायालय लिहिलेले होते. न्यायालयाने करारच उचलून धरला. त्या बाईला निदान देश तरी एकच होता. रोझ हिलच्या माणसाला फ्लॉरिडा किती लांब पडेल? म्हणून काही झाले तर बोटीवरच लेखी नोंद करून तिची प्रत घ्यावी, फोटो काढावेत, साक्षीदाराचे नाव लिहून ठेवावे.

कोणी म्हणेल, एवढी कटकट असेल तर जावेच कशाला? घरी बसावे, देवाचे नाव घ्यावे. मला हे पटत नाही. आपले पणजोबा मुंबईच्या बंदरातून कंपनीच्या कागदावर अंगठा उठवून आले. त्या कागदात काय लिहिले आहे हे त्यांना कोणी वाचून दाखवले नाही. त्यांच्या नाती-पणत्या आज स्वखुशीने, स्वतःच्या पैशाने समुद्र पाहायला निघतात यात मोठे समाधान आहे. पण ज्या घराण्याने न वाचलेल्या कागदाची किंमत एकदा मोजली आहे, त्याने दुसऱ्यांदा कागद न वाचता सही करू नये.

म्हणून माझी सूचना अशी. गावोगावच्या आपल्या मराठी मंडळींनी वर्षातून एक बैठक यासाठी ठेवावी. परदेशी मुलांकडे जाणारे आईवडील तिथे पासपोर्ट आणि औषधांची यादी घेऊन येतील, आणि इंग्रजी-फ्रेंच जाणणारे तरुण त्यांना तिकिटाचा करार आणि विम्याचा कागद मराठीत किंवा क्रिओलमध्ये समजावून सांगतील. गणपतीच्या वर्गणीइतका हा खर्च नाही. इथे हर्नडनच्या आसपासही आम्ही ओळखीच्या घरांत हे सुरू केले आहे. तिकीट काढण्याआधी एक संध्याकाळ सगळे कागद टेबलावर मांडायचे आणि ज्याचे पारडे हलके दिसेल त्याच्या हिशोबाने मार्ग निवडायचा.

आमच्या शेजाऱ्याने या वर्षी तसेच केले. मुलाने सुट्टीत भारतात जाऊन व्हिसा नवा करून घेतला. आईवडील परत आले. वडिलांच्या इन्सुलिनची छोटी पिशवी त्याने स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि बाल्टिमोरच्या त्याच खिडकीतून सगळे आत गेले. परतल्यावर वडील मला म्हणाले, "समुद्र पाहिला हो. पण मला पोराचं जास्त कौतुक वाटलं. या खेपेला तो सारखा कागद चाळत होता."

हर्नडन गाव ज्याच्या नावाने उभे आहे, त्या कप्तानाने आपल्या प्रवाशांची जबाबदारी स्वतःची मानली. आजच्या करारात ती जबाबदारी आपल्याकडे आली आहे, तर ती नीट उचलू या. आजीला कठड्याशी उभे राहून लाटा मोजू द्या. कागद तुम्ही मोजा.